जागल्याचं तोंड कोनाकडं

नाई नाई, तिथी नोका बसू साहेब, त्या दाराले टेकून नोका बसू — कडी ढिली हाय त्याची, कवाड अंगावर येईन. इकडं या, ह्या बाजेवर बसा, उजेडात. हं. चहा ठेवतोच मी, काळा चालन नं — दूध हाय बकरीचं, पन ते लागते… मलेच लागते, म्हातारीचे हाडं. चालन म्हना. या गावात आलेल्या मानसाले हळूहळू सारंच चालाले लागते. तं तुमी काय म्हनून राह्यले होते — एकच वाक्य. मनकर्णाबाईनं शिवेवरच्या गोट्याजवळ जाऊन, त्या जागल्याच्या समोर उभं राहून, एकच वाक्य बोलावं, का माहा पोरगा धनराज मेला. बस. मायचं बोलनं तो मानते म्हनता तुमी. मंग तुमची मशीन धनराजचं नाव सोडन, गावची गाठ सुटन, अन् आषाढापासून अटकलेलं सारं गाव मोकळं होईन. समजलं मले. मी काई बह्याड नाई. सुकलू भुमकबी हेच म्हनते, देवाचं करते तो, त्याचं ऐकाले पाहिजे. पानी भराले गेली का बायाबी हेच म्हनतेत — बोलून टाक वो मनकर्णा, तोंडानं बोललं तं काय पोट्टा दुसऱ्यांदा मरते का. आता कंपनीनं तुमाले धाडलं, का बा म्हातारी शिकलेल्या मानसाचं ऐकन. ऐकतो नं. कान हायेत मले. बोलनार मात्र नाई.

तुमाले शिवेवर भेटला असन तो जागल्या. काई बोलला? 'नमस्कार, गावात आपले स्वागत आहे' — हो, तसंच बोलते, लय गोड, पुस्तकातल्यावानी. अन् बाजूले सरकला, आत येऊ देल्लं. येतानी तो कोनालेच आडवत नाई. तुमच्या आधी तुमच्याच कंपनीचा आयुष आला होता, चष्मेवाला, काखेत लॅपटॉप — उद्याच दुरुस्त करून जातो म्हने. त्याले बंद कराले गेला तं जागल्या म्हने, 'गावाने मिळून सांगावे. गाव अजून पूर्ण नाही.' आता तो आयुष सुकलूच्या बांधीत धान कापून राह्यला, अंगावर सुकलूचाच सदरा. करिष्मा नर्सबाई पोलिओचा डोस घेऊन आली होती, तेबी इथीच हाय, शाळेच्या खोलीत राहते, चांगली पोरगी हाय, पन राती रडते म्हनतेत. अन् रिनाचं लगन जुळलं होतं जिवतीकडं, तो नवरदेव आला, शिवेपलीकडं उभा राह्यला, हिकडून रिना उभी, दोघं एकमेकायकडं पाह्यले, अन् गेला तो परत. हुशार निंघाला. तहसीलचे लोकबी हुशार, तांदळाचे कट्टे शिवेवर ठेवतेत, हात हालवतेत, गाडी वळवतेत — कंपनीची मशीन हाय, कंपनी पाहीन. तुमाले कोनी हे सांगितलं नाई वाटते. सांगितलं? अन् तरी आले? म्हनजे तुमची खातरीच हाय का म्हातारी बोलन. बरं बाई. साखर घालू का गूळ?

त्याच्या छातीवरची पाटी वाचली का तुमी — हो, तुमीच लावली, तुमाले पाठ असन. मलेबी पाठ हाय. मी शाळेचं तोंड नाई पाह्यलं, पन ग्रामसभेत तुमच्या मानसानं घडीघडी वाचून दाखवली. पहिला नियम — माणसाच्या जिवाला धोका दिसताच मध्ये उभे राहावे. दुसरा — गावाने मिळून दिलेला हुकूम पाळावा, पहिल्या नियमाच्या आड येत नसेल तोवर. तिसरा — खोटे बोलू नये. झालं. मी तवाच बाजूच्या बाईले म्हनली, का वो माय, हे तं मानसाइले लावाले पाहिजे, लोखंडाले कायले लावून राह्यले. साऱ्या हासल्या. अन् त्याच दिवशी बायाइनं आपला एक हुकूम घालून घेतला — तो कोनाच्या घराचा उंबरठा ओलांडनार नाई. बायामानसं घरात असतेत, न्हातेत, धुतेत, लेकराले पाजतेत, लोखंड असला म्हनून काय झालं, डोळे तं हायेत त्याले. तो म्हने, 'मान्य आहे.' आजवर त्यानं कोनाचा उंबरठा ओलांडला नाई. आंगनात येते, तिथूनच बोलते. आपल्या मानसाइपेक्षा रीत हाय त्याले.

काऊन आनला म्हनता? — साहेब, तसं नाव नोका घेऊ त्या पट्टेवाल्याचं, दिवस कलल्यावर तं नाईच नाई. आमी जनावर म्हनतो. जनावर. त्याच्याचसाठी आनला. माहा मोठा पोरगा, प्रफुल, त्याले मोहाखालून नेलं. चैत होता, फटफटलं होतं. मोह वेचतानी मानूस वाकलेला राहते, अन् वाकलेलं मानूस त्याले ढोरावानी दिसते — लहानपनापासून सांगतेत आमाले, म्हनून झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतो, म्हनून वेचतानी बोलत राहतो, गाना म्हनतो. मी त्या झाडाखाली, तो ह्या. गाना म्हनून राह्यला होता प्रफुल. मंग नाई म्हनून राह्यला. मी मान वर केली तं टोपली होती, टोपलीत मोह होते, पोरगं नव्हतं. एवढंच. कायचाच आवाज नाई आला. तवापासून आवाज बंद झाला का मले भेव लागते, म्हनून मी बोलत राहतो, कोनी असो का नसो. लोक म्हनतेत मनकर्णा बडबडी झाली. झाली तं झाली.

जागल्या आला तवा मी म्हनली हे पत्र्याचं बुजगावनं काय करन. पन केलं बापा त्यानं. बुधू आमचा गुराखी, नाल्यावर ढोरं पाजून राह्यला होता, अन् समोर झुडपात जनावर — मी पलीकडं कपडे धुवून राह्यली होती, या डोळ्यानं पाह्यलं.  अन् हा आला, चालतच आला, घाई नाई का गडबड नाई, अन् मधात उभा राह्यला. मारलं नाई, बोलला नाई. बुधूकडं पाठ, जनावराकडं तोंड. जनावर गुरगुरलं, एक पंजा हानला — ओरखडा हाय अजून मांडीवर, तुमी पाह्यला असन — अन् गेलं निंघून. तवा आमाले त्याची रीत समजली. ज्याले वाचवते त्याच्याकडं पाठ करते, अन् ज्याच्यापासून वाचवते त्याच्याकडं तोंड. लेकराइनं तं खेळच केला त्याचा. एक जागल्या होते, डोळे मिटून गरगर फिरते, अन् बाकीचे ओरडतेत — जागल्याचं तोंड कोनाकडं, जागल्याचं तोंड कोनाकडं — अन् थांबला का ज्याच्याकडं तोंड तो जनावर. त्यानं मंग पळाचं. त्या दिवशी रातच्याले मी त्याच्या पायाले हात लावला, खरं सांगतो. थंडगार पाय. म्हनली तू आधीच्या साली काऊन नाई आला रे.

मंग आषाढात गाव बांधाचं आलं. तुमच्या नागपुराकडं नसन हे. दरसाल भुमक शिवेनं फिरते, तांदूळ टाकते, गोट्याले शेंदूर लावते, सूत बांधते, अन् तो दिवस गाव बंद. रोगराई येनार नाई, जनावर येनार नाई. आतला बाहेर जात नाई. बाहेरचा चुकूनमाकून आला तं गाठ सुटेपर्यंत गावातच राहते, त्याले चांगलं जेवू घालतो, पन जाऊ देत नाई. अन् सोडतानी, बांधतानी जे जे गावात होते ते सारे गोट्याजवळ उभे पाहिजेत — पाळन्यातलं लेकरू असो का काठी टेकनारा म्हातारा — एक जरी कमी असला तं गाठ सुटत नाई. असं एका दिवसाचं काम, सकाळी बांधलं का दुसऱ्या सकाळी सोडलं. यंदा सुकलूले लय उत्साह. म्हने जागल्या आता गावचाच झाला, त्यालेबी बांधनीत घेऊ. गळ्यात सूत बांधलं, हळद लावली, अन् सारं गाव उभं करून त्याले रीत सांगितली, आपल्या बापानं सांगितली तशी, शब्द न शब्द. आमी सारे हो म्हनलो. तो एकेकाचं तोंड पाहात फिरला अन् म्हने, 'मान्य आहे.' लय कौतुक वाटलं बापा आमाले. कोनाच्याच ध्यानात नाई आलं का रीत कुठी वाकवाची ते मानसाले आपोआप समजते. मागं एकदा गाठीच्या रातीच एक म्हातारी मेली होती, तं भुमकानं तिच्या नावचा एक गोटा बाजूले ठेवला, हात जोडले, अन् सोडली गाठ. झालं. हे त्याले सांगाचं राहून गेलं.

दुसऱ्या सकाळी सारे गोट्याजवळ. अन् हा म्हने, 'धनराज येणे बाकी आहे.' सुकलू म्हने, अरे बापा, धनराजले राती जनावरानं नेलं, हे पाय त्याची माय कशी बसली हाय. हा म्हने, 'धनराज येणे बाकी आहे.' धनराजच्या नावचा गोटा ठेवला तं म्हने, 'हा धनराज नाही.' तवापासून तेच. दर बाजाराच्या दिवशी सारे जातेत, उभे राहतेत, तो सगळ्याइचे तोंडं पाहाते, अन् तेच एक वाक्य. लेकराइलेबी पाठ झालं. सारे म्हनतेत मशीन ढ हाय, मरन काय असते ते त्याले उमजत नाई. आयुषबी म्हनते आत काईतरी बिघडलं. ढ म्हने. अन् तिसरा नियम छातीवर एवढाल्या अक्षरात लिवला हाय, सगळ्याइच्या नाकासमोर, पन वाचन कोन — म्हनजे, काई नाई. असंच बोलली मी. घ्या, चहा घ्या. गरम हाय, जपून.

काय म्हनले? हो. हो, ते बरोबर हाय तुमचं. गाठ बांधल्यावर आतला बाहेर जाऊच शकत नाई, तं मंग नेलं कसं. नाई नं गेला तो बाहेर. जनावरच आत आलं. जागल्या? जागल्या तवा वरच्या अंगाले होता. त्याले काय दहा पाय हायेत का. दुपट्टा सापडला नं धनराजचा, रक्तानं भरलेला, नाल्यात. मोहाखाली. म्हनजे नाल्याकाठच्या मोहाखाली. तुमी पोलीस हा का साहेब? मशीनवाले हा, मशीनचं विचारा. अन् सुकलूनं हेबी सांगितलं असन का मी पोराचे दिवस नाई केले. नाई केले. कोंबडा घेऊन आला होता, म्हने जनावरानं नेलेल्याचं तं कराच लागते, नाई तं तो भटकते. हाकलून देल्लं मी त्याले, कोंबड्यासकट. जित्या लेकराचे कोनी दिवस करते का.

…मायच्या मनात, म्हनतो मी. मायच्या मनात लेकरू जितंच राहते साहेब. तुमाले मायबाप हायेत नं? मंग विचारा घरी. विचारानच कसं म्हना, घरी जाल तवा.

ते? बकरी हाय. आत बांधतो मी, बाहेर कुत्रे लय झाले. बकरीले खोकला नाई होत का, धान काढलं का भुसा उडते, जनावराच्या — ढोराच्या नाकातोंडात जाते. अन् वास मोहाचा हाय, मडक्यात सडवाले टाकला. तुमाले सवय नाई त्याची, नवीन मानसाचं डोकं चढते. दोन ताटं काऊन? दोन ताटं हायेत म्हनून दोन. एक सकाळचं, एक आत्ताचं. अंडं हाय तं हाय, म्हातारीनं अंडं खाऊ नाई का? तुमची नजर लय फिरते बापा. चहा प्या.

मी तुमाले खरं सांगतो, हे गाठ काई वाईट नाई. आषाढापासून जनावरानं एक मानूस नेलं का? एकबी नाई. धान घरात हाय, लेकरू घरात हाय. पहिले दिवाळी सरली का अर्धं गाव रिकामं — सिरोंच्यावरून पलीकडं, मिरच्या तोडाले, नाई तं बांधकामावर. म्हातारे अन् कुत्रे तेवढे मांगं राहत. धनराजबी जानार होता. करीमनगरले, ठेकेदारासंगं बोलनं झालं होतं, थैलीबी भरून ठेवली होती त्यानं, तिथी, त्या खुंटीवर होती. म्हने यायो — मायले यायो म्हनतो आमी — गाठ सुटली का सकाळच्या गाडीनं जातो. गाडी कुठी लागते? मोठ्या रस्त्यावर. अन् तिथवर जाचं कसं? त्याच मोहाखालून, जिथून प्रफुल गेला. मी म्हनली नोको जाऊ. तो म्हने इथी काय हाय. मी म्हनली मी हाय. हासला, साहेब. वाईट नाई हासला, लाडानं हासला, पन हासला. अन् सकाळची वाटबी नाई पाह्यली त्यानं, रातीच थैली घेऊन निंघाला. जागल्या आडवा झाला. ढकललं नाई, तो कोनाले ढकलत नाई, फकस्त मधात उभा राह्यला. पोरगं बाजूनं पळालं तं नाल्याची दरड कोसळली अन् पाय असा वळला का हाड — त्यानंच मंग उचलून आन…

काय बोलून राह्यली मी. लोक सांगतेत तसं. म्हातारपनी काई ऐकलेलं, काई स्वप्नात पाह्यलेलं, सारं एक होते.

आला पाहा. पाय वाजते त्याचा, ऐकू येते नं. रोज याच वेळी येते, दिवा लागाच्या आधी. शेवटचं घर हाय माहं, शिवेले लागून, त्याच्या वाटेवरच पडते. भिऊ नोका, उंबरठ्याच्या आत येत नाई तो. — ये रे जागल्या. पाहुने हायेत आज, तुह्याच घरचे. आज काई विचाराचं नाई, जा तू. जा म्हनतो नं, नोको विचारू, आज नोको —

बरा हाय. बरा हाय म्हनली नं, जा आता.

असं नोका पाहू माह्याकडं साहेब. ऐकलं तं ऐकलं. 'धनराज यांची प्रकृती कशी आहे?' — रोज विचारते तो, त्याच आवाजात, अन् रोज मी सांगतो, बरा हाय. खोटं बोलता येत नाई त्याले, म्हनून दुसऱ्याचं खोटं वळखताबी येत नाई बिचाऱ्याले. अन् खोटं तरी कुठी हाय? हाड मीच बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, हाडजोडीचा पाला बांधला, माह्या मायनं किती हाडं बसवले होते गावचे. त्या राती ह्या आंगनात आनून ठेवला यानं पोराले, उंबरठ्याच्या बाहेर, अन् म्हने, 'पायाला इजा आहे. जिवाला धोका नाही.' हाच म्हनला, मी नाई म्हनली. मी ओढत आत नेला, कवाड लावून घेतलं. कवाड लावलं का त्याले दिसत नाई. सकाळी सारे विचाराले आले, धनराज कुठी हाय, चाल गाठ सोडाले, अन् माह्या तोंडातून निंघून गेलं का नेलं त्याले. एकदा निंघालेलं परत गिळता येते का? म्हनली उद्या सांगीन. उद्याचा परवा झाला. अन् मंग मले दिसलं का तो एकटा बाकी हाय तवर गाठ सुटत नाई, अन् गाठ सुटत नाई तवर तो जात नाई. पयले लय ओरडे तो. फडकं कोंबाले लागे तोंडात, माह्या हातानं, पोटच्या गोळ्याच्या. दावन बांधली पायाले, चांगल्या पायाले, दुसऱ्याले हात नाई लावला. आता नाई ओरडत. आता समजदार झाला. सुजला होता, उतरला होता, आता आता जरा काळा पडला पाय, एवढंच. करिष्माबाईकडून गोळ्या आनतो मी माह्या गुडघ्याच्या नावानं. उतरन. याचा पहिला नियम अन् मायचा पहिला नियम एकच हाय साहेब. आमी दोघं मिळून राखतो त्याले, हा बाहेरून, मी आतून. प्रफुलच्या वक्ताले कोनी नव्हतं मधात.

कुठी चालले? बसा. बसा नं साहेब, अर्धा चहा तसाच हाय. त्या कडीले हात नोका लावू. आत्ताच झोपला हाय तो. ऐका — ऐका माहं, पाया पडतो तुमच्या — बोलतो मी ते वाक्य. उद्या सकाळी गोट्याजवळ येतो, साऱ्या गावासमोर बोलतो, धनराज मेला, माहा धनराज मेला, पाह्यजे तेवढ्या वेळा बोलतो. जीभ झडली तरी बोलतो. गाठ सुटन, रिना जाईन तिच्या घरी, नर्सबाई जाईन, तुमी जा. फकस्त ते कडी —

लाव. लाव ते कवाड. उजेड पडला नं त्याच्या डोळ्यावर.

काई नाई रे बापा, काई नाई, उठू नोको, पाहुने हायेत. चादर ओढून घे पायावर. साहेब, नाकाले रुमाल नोका लावू, वाईट वाटते त्याले. यायो म्हनून राह्यला पाहा, मलेच बोलावते. बोलते तो चांगला, कोन म्हनते जिवाले धोका हाय — सरका, मले जाऊ द्या त्याच्यापाशी.

जागल्या, तू काऊन येऊन राह्यला? उंबरठा हाय तो. गावाचा हुकूम हाय तुले, बायाइचा हुकूम हाय. जागल्या. — आला. आत आला. बरं, बरं, पहिला नियम, समजलं मले, पहिला नियम मोठा. बरंच केलं तू. उभा राय मधात. हा मानूस नेऊन राह्यला त्याले, मोहाखालून नेऊन राह्यला, उभा राय. पोराकडं पाठ, हं, बरोबर, पाठ त्याच्याकडं. आता साहेबाकडं वळ. साहेब तिकडं हायेत, दाराजवळ. तिकडं रे. माह्याकडं नाई. मी इथी हाय, मी मनकर्णा —

साहेब, त्याचं तोंड माह्याकडं काऊन हाय?